आधी ऊन मोजा, मग रोप आणा: मुंबईत घरची बाग मांडणाऱ्यांसाठी

चेंबूरच्या या घरात राहायला आलो त्या जूनमध्ये मी रिक्षाच्या तीन खेपा करून ३१ रोपं आणली होती. गॅलरी अकरा फूट लांब, चार फूट रुंद, तोंड पूर्वेला. लालबागच्या चाळीत कठड्यावर डालडाच्या डब्यातली तुळस आणि दोन सदाफुल्या एवढीच आमची बाग. त्यामुळे स्वतःची गॅलरी मिळाल्यावर काय आणू नि काय नको असं होऊन गेलं. गणपती येईपर्यंत त्यातली १८ रोपं गेली. काही कुजली, काही उन्हावाचून झुरली, आणि जी उरली ती इतकी दाटीवाटीनं ठेवलेली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती.

आज सात वर्षांनी त्याच गॅलरीत १४ कुंड्या आहेत, एक खुर्ची आहे, आणि तिथे बसावंसं वाटतं. मधल्या काळात इमारतीच्या मागचा पडीक पट्टाही आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून हिरवा केला. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांचे पैसे आणि रोपं वाचावीत म्हणून जे केलं ते ज्या क्रमानं करायला हवं होतं, त्या क्रमानं लिहिते आहे.

१. पहिला महिना काहीही विकत घेऊ नका

मुंबईतल्या घरात जागा कमी असते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून कमी असतं ते ऊन, आणि ते समोरच्या टॉवरवर अवलंबून असतं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला गॅलरीचा फोटो काढा. ऊन कुठल्या लादीवर येतं, किती वाजता सरकतं, कठड्याच्या खाली पोचतं की नाही हे कागदावर लिहा. उजेड आणि ऊन यांत गल्लत करू नका. हाताची कडक सावली पडली तर ते ऊन, नाहीतर तो नुसता उजेड.

आता यातली मुंबईची खास गोम. आपण १९ अक्षांशावर आहोत. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो, आणि हिवाळ्यात तो दक्षिणेकडे चांगलाच कललेला असतो. याचा अर्थ असा की उत्तरेच्या गॅलरीत मे महिन्यात ऊन बघून तुम्ही मोगरा आणलात, तर जूनमध्ये ढग येणार आणि डिसेंबरात तिथे उन्हाचा कवडसाही नसणार. दक्षिणेच्या गॅलरीत उलटं होतं. थंडीत ऊन थेट दिवाणखान्यापर्यंत येतं, पण मेमध्ये वरच्या स्लॅबच्या सावलीनं गॅलरी दुपारी जवळजवळ उन्हाविना राहते. मोगऱ्याचा बहर मार्च ते मे, म्हणून त्याला पूर्व किंवा पश्चिम बरी. दक्षिणेच्या गॅलरीत झेंडू, शेवंती, पिटुनिया ही थंडीची फुलं मांडा, ती तिथे अप्रतिम येतात.

ढोबळ हिशेब असा ठेवा. थेट ऊन पाच तासांहून जास्त असेल तर मोगरा, जास्वंद, बोगनवेल, गुलाब, मिरची, लिंबू. दोन ते चार तास मिळत असेल तर मधुकामिनी, तगर, अबोली, गोकर्ण, पुदिना, गवती चहा. ऊन नाही पण वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड आहे, तर अरेका पाम, फर्न, सिंगोनियम, मनीप्लांट, स्नेक प्लांट. या तिसऱ्या गटाला कमी लेखू नका. उजेडाच्या गॅलरीत फुलांचा हट्ट सोडून नुसती पानं मांडली तर ती किती देखणी दिसते, हे आमच्या समोरच्या विंगमधल्या वहिनींनी मला दाखवलं.

घर समुद्राजवळ असेल, वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा अशा ठिकाणी, तर खाऱ्या वाऱ्याचीही नोंद घ्या. तिथे नाजूक पानांच्या कडा करपतात. बोगनवेल, चाफा, कोरफड, सदाफुली, अडेनियम ही तिथली भरवशाची मंडळी.

२. वजन आणि परवानगी

हा टप्पा कंटाळवाणा वाटेल, पण तो टाळल्यामुळे भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते. नुसती लाल माती भरली आणि ती भिजली, की कुंडीचं वजन २५ किलोच्या पुढे जातं. अशा दहा कुंड्या एकाच ओळीत, गॅलरीच्या बाहेरच्या कडेला ठेवल्या तर किती भार होतो ते बघा. जड कुंड्या नेहमी भिंतीच्या बाजूला आणि कोपऱ्यात ठेवा, हलक्या कठड्याकडे. कठड्याच्या वर, सुटी कुंडी कधीही ठेवू नका. ग्रिलच्या बाहेरच्या बाजूलाही टांगू नका. जूनच्या वाऱ्यात तिसऱ्या मजल्यावरून पडलेली कुंडी माणसाचा जीव घेऊ शकते.

गच्चीवर बाग करायची असेल तर हिशेब आणखी कडक. लोकांची ये-जा असलेली सपाट गच्ची सहसा दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखलेली असते. गच्चीभर चार इंच मातीचा थर पसरला तर ओली माती एकटीच याच्या वर जाते. म्हणून गच्चीवर थेट माती पसरू नका. कुंड्या किंवा ग्रो बॅग, म्हणजे माती भरून रोप लावायच्या पिशव्या घ्या, त्या खांब आणि तुळया जिथून जातात त्या रेषेवर ठेवा, आणि खाली विटा किंवा स्टँड लावून हवा खेळती ठेवा.

सोसायटीत हाताशी हवीत ती कागदपत्रं:

- गच्चीसाठी किंवा आवारासाठी व्यवस्थापक समितीला दिलेलं पत्र आणि त्यावरचा लेखी ठराव. तोंडी "करा हो, कोण काय बोलणार" यावर विसंबू नका. समिती बदलली की ते बोलणं कोणालाच आठवत नाही.
- इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल. स्लॅब दुरुस्तीत असेल तर त्यावर कुंडी नको.
- गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं, हमी किती वर्षांची, याची प्रत.
- जागा कोणाची, पाणी कुठलं, वीज कुठली, हे ठरावातच लिहून घ्या.

आणि आवारात झाड असेल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात १९७५ पासून शहरातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. ऊन येत नाही म्हणून सोसायटीतल्या झाडाची फांदी आपल्या मनानं छाटता येत नाही. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज पावसाळ्याच्या पुरेसा आधी द्या.

३. बाग कुठून आणि किती वाजता बघणार ते ठरवा

सगळ्यात जास्त चूक मी इथे केली होती, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

मी गॅलरीत उभी राहून गॅलरी सजवली. पण आम्ही गॅलरीत दिवसाकाठी दहा मिनिटं उभे असतो. बाकीचा वेळ ती दिसते सोफ्यावरून, नाहीतर ओट्याजवळून. तेव्हा आधी सोफ्यावर बसा, दार उघडा, आणि तिथून काय दिसतं ते बघा. आमच्या सोफ्यावरून कठड्याच्या खालचा भाग आणि डावा कोपरा दिसतो. उजवा कोपरा दिसतच नाही, आणि मी माझी सगळ्यांत सुंदर रोपं तिथेच रचली होती! आता उजव्या कोपऱ्यात झारी, खताचा डबा आणि आजारी रोपं असतात. डावीकडे बाग.

दुसरा प्रश्न वेळेचा. मुंबईत नोकरी करणारी माणसं सकाळी साडेसातला बाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात. म्हणजे आपण आपली बाग मुख्यतः रात्री बघतो. लाल जास्वंद तेव्हा मिटलेली असते आणि गडद रंग अंधारात बुडून जातात. पांढरं फूल मात्र रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडातही दिसतं, आणि पांढऱ्या फुलांपैकी कितीतरी संध्याकाळीच सुवास सोडतात. मोगरा, मधुकामिनी, अनंत, तगर, सोनटक्का. हे कळल्यावर मी गॅलरीचा रंग बदलून पांढरा-हिरवा केला. पहिल्या जोरदार पावसानंतर काही दिवसांत मधुकामिनी एकदम फुलते. त्या रात्री जिन्यातून वर येतानाच वास येतो. दोन दिवसांत पाकळ्या झडून लादीवर पांढरा सडा पडतो, आणि तो मी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत झाडत नाही.

मांडणीचे नियम थोडेच आहेत.

तीन उंच्या ठेवा. मागे, भिंतीला लागून, कमरेच्या वर जाणारी एक-दोन झाडं. मध्ये गुडघ्याएवढी झुडपं. पुढे पसरणारी किंवा कुंडीच्या कडेवरून लोंबणारी. एकाच उंचीच्या बारा कुंड्या रांगेत लावल्या की ती नर्सरी दिसते.

जाती कमी, रोपं जास्त. दहा प्रकारांचं एकेक रोप आणण्यापेक्षा तीन प्रकारांची तीन-तीन आणा. तीन फर्न एकत्र ठेवले की त्यांचा एक हिरवा ढग होतो. एकटा फर्न हरवल्यासारखा दिसतो.

कुंड्या एकाच रंगाच्या घ्या. विटकरी घेतलीत तर सगळ्या विटकरी. रंगीबेरंगी कुंड्या दुकानात गोड दिसतात, पण घरी आल्यावर नजर पानांवर न जाता प्लास्टिकवर जाते. जुने रंगाचे डबे, बादल्या वापरायच्या असतील तर जरूर वापरा, फक्त सगळ्यांना एकच रंग द्या आणि तळाला भोकं पाडा.

एक जागा रिकामी सोडा. माझ्या चार फुटी रुंदीत अडीच फूट चालायला आणि बसायला आहे. कपडे वाळत घालायची दोरी कुठे राहणार हेही आत्ताच ठरवा. मुंबईच्या गॅलरीत कपडे येणारच, आणि ओल्या चादरीखाली मोगऱ्याच्या कळ्या मोडतात.

कल्पना हव्या असतील तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक सकाळ घालवा. १८६२ पासूनची ही बाग आहे. मोठ्या झाडांखाली काय लावलं आहे, सावलीत कोणती पानं तजेलदार आहेत, हे तिथे बघता येतं. बहुतेक वर्षी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे कुंड्यांची मांडणी मुद्दाम बघा.

४. माती: इथे पैसे वाचवू नका

रस्त्यावर गोणीत मिळणारी लाल माती एकटी वापरली तर दोन पावसांत ती विटेसारखी बसते. माझ्या मेलेल्या १८ रोपांपैकी निम्मी तरी यामुळे गेली. रोप उपटून पाहिलं तेव्हा मुळं काळी, बुळबुळीत आणि आंबूस वासाची होती.

माझं प्रमाण घमेल्यावर आहे. लाल माती तीन घमेली, भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन, आणि भाताचं तूस किंवा जाडी वाळू एक. वर दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. हे मिश्रण हातात दाबलं की गोळा होतो आणि बोटानं टोचलं की फुटतो. न फुटणारा गोळा झाला तर तूस वाढवा. या मिश्रणाची भरलेली कुंडी नुसत्या मातीच्या कुंडीपेक्षा बरीच हलकी होते, म्हणजे वजनाचा प्रश्नही इथेच सुटतो.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की साधारण ७० लिटर फुगते, तेव्हा बादलीत नव्हे, टबात भिजवा. पहिलं तपकिरी पाणी फेकून द्या, त्यात क्षार असतात. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. त्यातल्या उष्णतेनं मुळं करपतात. कुजलेल्या खताला पहिल्या पावसाचा वास येतो.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करत असाल तर उत्तमच. भाजीची देठं, सालं, चहापत्ती धुऊन, आणि त्याच्या दुप्पट सुकी पानं. खत ओलसर आणि घाण वासाचं होत असेल तर सुकी पानं कमी पडताहेत, एवढंच त्याचं कारण. सोसायटीचा झाडूवाला रोज सकाळी पानं गोळा करून जाळायचा किंवा गाडीत टाकायचा. आता तो आमच्यासाठी एक गोणी भरून ठेवतो.

५. नर्सरीत जाताना

आता रोपं आणा. पहिल्या खेपेला पाच-सहाच.

मुंबईतल्या नर्सऱ्यांत बरीच रोपं बाहेरून येतात, पुण्याकडून आणि आंध्रातल्या कडियमकडून. प्रवासात मुळाशी माती टिकावी म्हणून ती चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. घरी आणून तो गोळा तसाच कुंडीत ठेवला, तर बाहेरची माती मऊ आणि आतला गोळा दगड, पाणी आत शिरतच नाही. आणल्यावर रोप आठवडाभर पिशवीतच, सावलीत राहू द्या. मग लावताना गोळा पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवा आणि बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी हलकेच सोडवा. मधला भाग मात्र मोडू नका.

नर्सरीवाल्याला "सावलीत चालेल का?" असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. "माझ्याकडे सकाळचं तीन तास ऊन आहे, यातल्या कशाला फुलं येतील?" असं विचारा. फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नका. घरी येताच सगळी फुलं गळतील. कळ्या असलेलं, नवी पालवी असलेलं, पानांच्या मागे पांढरा कापूस नसलेलं रोप घ्या. पिशवीच्या तळातून मुळांचा झुबका बाहेर आला असेल तर तेही ठेवा तिथेच.

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कण्हेर, बिट्टी आणि डिफेनबाकिया आणू नका. तिन्ही विषारी आहेत, आणि बिट्टीची बी तर फारच घातक.

एक जागा कडीपत्त्याला किंवा लिंबाला द्या, स्वयंपाकासाठी नव्हे तर फुलपाखरांसाठी. माझ्या कडीपत्त्यावर एका ऑगस्टमध्ये पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसले. पुसायला गेले तर ते हलले. त्या अळ्या होत्या. आठवड्यात त्या हिरव्यागार झाल्या, अर्धं झाड खाऊन कोश विणला, आणि एका सकाळी काळं फुलपाखरू पंख वाळवत देठाला लटकलेलं होतं. ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. झाड पुन्हा फुटतं. फवारू नका.

हाताशी लागतील ती अवजारं: खुरपं, फांद्या कापायची कात्री, बारीक तोंडाची झारी, एक लिटरचा फवारा, घमेलं, सुतळी, आणि तळाची भोकं मोकळी करायला जुना स्क्रूड्रायव्हर. बाकीचा सेट दुकानात राहू द्या.

६. पाणी

झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानं मरतात. बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर पुढच्या कुंडीकडे जा. मेमध्ये लहान कुंड्यांना दिवसातून दोनदा लागतं, डिसेंबरात एक दिवसाआड पुरतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही चालतं. कपडे धुतल्याचं साबणाचं पाणी नको.

आणि खालच्या मजल्याचा विचार करा. आमच्या खाली राहणाऱ्या जोशी काकूंच्या धुतलेल्या साड्यांवर माझ्या कुंड्यांचं लाल पाणी पडायचं. दोन वेळा त्या वर आल्या, तिसऱ्यांदा सेक्रेटरी आले. मग मी कठड्याजवळच्या कुंड्यांखाली एक लांब ट्रे बसवला, त्याला एका टोकाला नळी लावून ती गॅलरीच्या पाण्याच्या तोंडात सोडली. हे पहिल्याच दिवशी करा. काकूंकडे आज माझ्याच मोगऱ्याची तीन रोपं आहेत.

७. पावसाळा

मुंबईवर जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दुसऱ्या गावासाठी लिहिलेली कुठलीही बागकामाची माहिती इथे अडखळते ती याच चार महिन्यांत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक कुंडी उचला, तळाची भोकं स्क्रूड्रायव्हरनं मोकळी करा आणि कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर ठेवा. उंच झाडं ग्रिलला सुतळीनं बांधा. अडेनियम, निवडुंग, कोरफड, स्नेक प्लांट पावसाच्या माऱ्यातून आत घ्या. कुंड्यांमध्ये हाताची पालथी मूठ जाईल इतकं अंतर ठेवा, नाहीतर पानांवर बुरशीचे डाग पडतात.

कुंडीखालच्या ताटल्या जूनमध्ये काढून टाका. ज्या ट्रे ठेवणं भागच आहे त्या एक दिवसाआड कोरड्या पुसा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून डास बाहेर पडतो. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी येऊन बघतात, अळ्या सापडल्या तर नोटीस मिळते. लोक ताटल्या बघतात आणि घरातली मनीप्लांटची बाटली विसरतात. तिचं पाणी दर आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासून घ्या.

रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा. मीठ टाकू नका, ते मातीत जातं.

याच दिवसांचा फायदाही मोठा आहे. जून-जुलैत मोगरा, जास्वंद, तगर, क्रोटन यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या वीतभर कापून खोचल्या की बहुतेक जगतात. कुंडी बदलायचीही हीच वेळ, एप्रिल-मेमध्ये मुळांना हात लावू नका. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर जुलैअखेर बी टाका.

८. कीड

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. मुंबईच्या रस्त्यांवरचे कितीतरी जुने वर्षावृक्ष त्यानं वाळवले, तेव्हा कुंडीतल्या झाडाला कमी समजू नका. पहिल्या दिवशी जुन्या दातांच्या ब्रशनं घासून धुऊन टाका, फार पसरला असेल तर फांदीच कापून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, दर आठवड्याला, तीन वेळा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. मुंग्या वर-खाली करताना दिसल्या की समजा, कुठेतरी पिठ्या किंवा मावा आहे.

९. सोसायटीचा मागचा पट्टा

आमच्या इमारतीच्या मागे चाळीस फूट लांब, सहा फूट रुंद पट्टा होता. वर तुटकी लादी, खाली डेब्रिज. हे मुंबईत जवळजवळ सगळीकडे सारखंच असतं, म्हणून क्रम सांगते.

आधी चेंबरची झाकणं, पाण्याची आणि गॅसची लाइन कुठून जाते ते प्लंबरला विचारून खडूनं जमिनीवर आखा. त्या रेषेवर काही लावू नका. मग दीड फूट खणा. आम्हाला विटा, टाइल्स, प्लास्टिक आणि एक आख्खं वॉश बेसिन मिळालं. तो राडारोडा बाहेर काढून नवी माती आणि खत भरा. इमारतीच्या भिंतीला माती टेकवू नका. निदान दोन फूट सोडून वाफा करा, नाहीतर तळमजल्याच्या भिंतीला ओल धरते. आवारात झाड असेल तर खोडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ बोटाएवढा असतानाच मुळासकट काढा.

हिरवळ लावायचा मोह होईल. दोन इमारतींच्या मधल्या सावलीत ती टिकत नाही, पावसाळ्यात तिचा चिखल होतो. त्याऐवजी मध्यभागी दीड फुटी वाट करा, एकमेकींपासून थोड्या अंतरावर ठेवलेल्या जुन्या शहाबादी लाद्यांची, म्हणजे पाणी खाली मुरतं. वाटेला एक हलकं वळण द्या. पट्टा लांब वाटतो. मागे अरेका आणि हेलिकोनिया, मध्ये सोनटक्का आणि स्पायडर लिली, पुढे फर्न आणि सिंगोनियम. सोनटक्क्याला ओल आवडते, म्हणून जिथे पावसाचं पाणी साठतं तिथे तो लावा. आमच्याकडे तो पाइपच्या तोंडाशी आहे, आणि गणपतीच्या दिवसांत तळमजल्यावरचे आजोबा त्याची फुलं घेऊन प्रत्येक मजल्यावर जातात.

उघडी माती ठेवू नका, वर दोन इंच सुक्या पानांचा थर द्या. पावसात माती वाहून जात नाही आणि उन्हाळ्यात पाणी कमी लागतं.

कामाची वाटणी मात्र लेखी करा. आमच्याकडे सोमवार-गुरुवार ए विंग, मंगळवार-शुक्रवार बी विंग, असा कागद लिफ्टशेजारी लावलेला आहे. पहिल्या वर्षी तो नव्हता. मेच्या सुट्टीत सगळे गावी गेले आणि नव्यानं लावलेले सहा हेलिकोनिया वाळले. आता एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही पट्ट्यात जमतो, कोण कुठल्या तारखेला गावी जाणार ते त्या कागदावर लिहितो, आणि नळाच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे देतो.